विमानात रुमाल टाकून जागा धरता येत नाही

एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकला की जागा आपली. २००३ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त भाड्याची विमान कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्या विमानातही साधारण असाच कारभार होता. आसन क्रमांक ठरलेला नसे, जो आधी चढेल त्याला हवी ती जागा. आज त्याच खिडकीवर दराची पाटी आहे. दुसऱ्या रांगेतल्या खिडकीचा दर वेगळा, विसाव्या रांगेतल्या खिडकीचा वेगळा, आणि पुढच्या रांगांत तर दोन माणसांमध्ये चेपून बसायचं मधलं आसनही फुकट नाही.

यावर चिडणं सोपं आहे, पण त्यानं पैसे वाचत नाहीत. ते वाचवायचे तर या जादा आकारांची चाल ओळखावी लागते. एकच किलो, एकच सँडविच, एकच बॅग, पण तुम्ही ती कुठल्या टप्प्यावर मागता यावर किंमत ठरते. बुकिंग करताना सर्वांत कमी, नंतर ‘मॅनेज बुकिंग’मध्ये थोडी जास्त, विमानतळाच्या काउंटरवर त्याहून जास्त आणि गेटपाशी सर्वांत जास्त, कारण तिथे तुमच्याकडे दुसरी वाट उरलेली नसते. विमानाच्या दाराच्या जितकं जवळ, तितकं महाग. याला मोठा अपवाद एकच, तो म्हणजे आसन. तिथे थांबणाऱ्याचा फायदा होऊ शकतो. तो हिशेब पुढे आहे.

कंपन्या असं का करतात? लोक तिकीट शोधतात ते ‘सर्वांत स्वस्त आधी’ अशी यादी लावून. शंभर रुपयांनी भाडं खाली आणलं की नाव यादीत वर सरकतं. मग भाड्यातून जे जे सोलता येईल ते सोलून बाहेर काढायचं आणि वेगळं विकायचं. अमेरिकन एअरलाइन्सनं २००८ मध्ये पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, तेव्हा इंधनाच्या भडकलेल्या दराचं कारण होतं. इंधन पुढे उतरलं, बॅगेचे पैसे राहिले. ‘बॅग फुकट’ हीच जाहिरात करत आलेल्या साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीनंही मे २०२५ मध्ये तो हट्ट सोडला.

भारतात ही सोलणी डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या परिपत्रकांच्या चौकटीत चालते. कंपनीला वेगळे पैसे घेता येतात ते पसंतीच्या आसनाचे, खाण्यापिण्याचे, लाउंजचे, चेक-इन सामानाचे (जे काउंटरवर सोपवायचं आणि विमानाच्या पोटात जातं), क्रीडासाहित्याचे, वाद्यांचे आणि मौल्यवान सामान जाहीर करून त्याची जबाबदारी वाढवून घ्यायचे. अट एक. प्रवाशानं स्वतः निवडलं तरच. आधीच टिक केलेला चौकोन काढायला लावणं या अटीत बसत नाही.

बुकिंगच्या पडद्यावर

यादीत दिसणारा आकडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा यांच्यात जे असतं ते दोन प्रकारचं असतं. काही आकार सगळ्यांनाच लागतात: विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क), सुरक्षा शुल्क (देशांतर्गत प्रवासाला ते एप्रिल २०२१ पासून माणशी २०० रुपये ठरलं), इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा प्रकार म्हणजे कन्व्हीनियन्स फी. नावात सोय आहे, ती कोणाची हे विचारू नये. ही बहुधा माणशी आणि दर टप्प्याला लागते, म्हणून एकट्याला ती खुपत नाही आणि कुटुंबाला खुपते. दर ३०० रुपये धरला तर चौघांच्या जाऊन-येऊन तिकिटाला ती आठ वेळा लागते, म्हणजे २,४०० रुपये. तिकीट रद्द केलं तरी ती परत येत नाही. काही बुकिंग ॲप ती पूर्ण बुकिंगवर एकदाच लावतात, काही पैसे भरायच्या पद्धतीनुसार कमी-जास्त करतात. म्हणून तुलना करायची तर पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान उघडून तिथल्या आकड्याची करावी. यादीतल्या आकड्याची तुलना ही भाजीच्या पिशवीवरून भाजी निवडण्यासारखी.

मधल्या पानांवर विमा, फास्ट चेक-इन, आधी बॅग मिळण्याची सेवा, पूर्ण परताव्याची हमी अशी रांग लागते. एकेक रक्कम दोनशे-तीनशेची, म्हणून हात सैल सुटतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात अशा १३ युक्त्या नावानिशी नोंदवल्या. गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं त्यात आहे, किंमत थेंबाथेंबानं उघड करणं आहे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणंही आहे. या शेवटच्या युक्तीला दिलेलं उदाहरण विमान तिकिटाचंच आहे: विमा नाकारायचा तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायचं! असं काही दिसलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

आता एक बारकावा, जो मोठ्या कुटुंबांना हमखास नडतो. विमानातल्या जागा एकाच दरानं विकल्या जात नाहीत. त्या दरांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. समजा ४,१०० रुपयांच्या कप्प्यात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही पाच जणांसाठी शोधलंत, तर यंत्रणा पाचांनाही पुढच्या कप्प्यातला, धरा ४,८०० चा, दर दाखवते. तीन जणांचं वेगळं आणि दोघांचं वेगळं बुकिंग केलं तर तिघांमागे ७०० म्हणजे २,१०० रुपये वाचतात. आधी एका माणसासाठी शोधून पाहायचं, मग पाच जणांसाठी. माणशी दर बदलला तर कप्पा संपतोय हे कळतं.

पण दोन पीएनआर (बुकिंगचे क्रमांक) झाले की तीन गोष्टी हातून जातात. सामानाचं वजन एकत्र धरून घेता येत नाही. विमान रद्द झालं तर दोन गट दोन वेगळ्या विमानांत जाऊ शकतात. आणि मुलाला पालकाशेजारी बसवायची जबाबदारी कंपनीवर राहते ती फक्त एका पीएनआरपुरती. म्हणून फोड करायचीच असेल तर मूल आणि निदान एक पालक एकाच पीएनआरवर हवेत.

तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलं आणि नावात चूक झाली, तर २४ तासांच्या आत कळवल्यास दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत. प्रवास किमान ७ दिवस लांब असेल तर याच २४ तासांत तिकीट दंडाशिवाय बदलायची वा रद्द करायची सोयही परताव्याच्या नियमात आली. ती मुदत ४८ तास करण्याचा मसुदा डीजीसीएनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला होता, त्यामुळे काढताना त्या दिवशीचा नियम बघून घ्यावा. बुकिंग झाल्यावर पहिलं काम म्हणजे ईमेल उघडून नावं, तारीख आणि एएम-पीएम मोठ्यानं वाचणं. रात्री बाराच्या पुढची विमानं लोक हमखास एका दिवसानं चुकवतात.

आसन: पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे नाहीत

देशांतर्गत विमानांचं वेब चेक-इन बहुधा ४८ तास आधी उघडतं आणि सुटण्याआधी तासभर बंद होतं. उघडलं की आसनांचा नकाशा येतो, जवळजवळ प्रत्येक चौकोनावर रुपये लिहिलेले. आसन न निवडता पुढे जायचा दुवा असतो, पण खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. तो निवडला की यंत्रणा जागा आपणहून देते आणि त्याचे पैसे नसतात. ॲप हटूनच बसलं तर ते बंद करून काउंटरवर जावं. तिथे बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत, असा आदेश नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं २१ जुलै २०२२ रोजी काढला. त्याआधी काही ठिकाणी पासाचे २०० रुपये घेतले जात होते.

चेक-इन उघडताच फुकटची जागा घेतली तर बहुधा मधलीच येते. कारण सरळ आहे. खिडकी आणि कडेची आसनं अजून विकायची असतात, ती यंत्रणा फुकट का वाटेल? विमान सुटायची वेळ जवळ आली की न विकलेल्या चांगल्या जागा उरलेल्यांना द्याव्याच लागतात. म्हणून मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या, अर्ध्या रिकाम्या विमानाला शेवटच्या काही तासांत चेक-इन केलं तर खिडकी पदरात पडायची शक्यता बरी असते.

हीच युक्ती गणपतीच्या आधी, दिवाळीत किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांत करू नये. कंपन्या काही जागा जास्त विकतात, आणि सगळेच प्रवासी हजर झाले तर अडकतो तो ज्याच्या हातात आसन क्रमांक नाही. तसं झालंच तर भरपाई ठरलेली आहे. २४ तासांच्या आत दुसरं विमान दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. तासाभरातच पर्यायी विमान दिलं तर काही नाही. पैसे मिळतात, पण बहिणीचं लग्न लागून गेलेलं असतं.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाचं आसन निदान एका पालकाशेजारी असलं पाहिजे, आणि त्यासाठी आसन विकत घ्यायची गरज नाही. डीजीसीएनं हे एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना स्पष्ट बजावलं. प्रत्यक्षात काय बिघडतं? यंत्रणा मुलाला आठव्या आणि आईला एकविसाव्या रांगेत टाकते, पडद्यावर ‘एकत्र बसा’ म्हणून दर झळकतात आणि पालक घाबरून पैसे भरतात. भरू नका. आधी ग्राहक सेवेला पीएनआर देऊन जागा बदलून मागा, नाही झालं तर काउंटरवर मागा. नवरा-बायकोला मात्र ही सवलत नाही. सव्वा तासाच्या प्रवासात एकमेकांशेजारी बसायला दोघांनी पैसे मोजायचे का, हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न.

पैसे द्यायचेच तर कशाला? पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसानं दोन-अडीच तासांच्या प्रवासात पाय पसरायच्या जागेला द्यावेत, ते वाजवी आहेत. अशी जागा आपत्कालीन दारापाशी किंवा पहिल्या रांगेत मिळते, पण इथेही खाचाखोचा आहेत. आपत्कालीन दाराच्या लगेच पुढच्या रांगेची पाठ सहसा मागे झुकत नाही, कारण झुकली तर दाराची वाट अडेल. दोन दारं मागेपुढे असतील तर पहिल्या दाराच्या रांगेचीही झुकत नाही. म्हणजे तशा विमानात दुसरी रांग घ्यावी. दारापाशीच्या रांगांत लहान मुलं, गर्भवती आणि मदतीची गरज असलेले प्रवासी बसू शकत नाहीत, त्यामुळे सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांच्यासाठी ती जागा घेतली तर विमानात उठवून दुसरीकडे बसवतात. पहिल्या रांगेत पाय मोकळे राहतात, पण समोर आसन नसल्यानं पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते.

खिडकीचे पैसे देऊन भिंत मिळायचीही सोय आहे! बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे, साधारण दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास एखाद्या जागी खिडकीच नसते. तिथून वातानुकूलनाची नळी भिंतीतून छताकडे जाते. आसन नकाशावर मात्र तो चौकोन इतरांसारखाच दिसतो.

लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर ७२ मध्ये प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं. पुढच्या भागात सामानाची जागा असते. तेव्हा ‘लवकर उतरता येईल’ म्हणून दुसऱ्या रांगेचे पैसे भरणारा शेवटी उतरतो. मोठ्या विमानातही एरोब्रिज (इमारतीतून थेट दाराशी येणारा बोगदा) नसेल आणि दोन्ही दारांना शिड्या लागल्या तर शेवटच्या रांगा पहिल्यांच्या बरोबरीनं रिकाम्या होतात.

सामान: खरा पैसा इथे जातो

देशांतर्गत प्रवासात चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो, हे बहुतेक ठिकाणचं माप. पूर्ण सेवा देणाऱ्या एअर इंडियानंही सर्वांत स्वस्त भाड्याची मर्यादा २०२४ मध्ये २० वरून १५ वर आणली. त्याखाली आणखी एक पायरी आहे. चेक-इन सामान नसलेलं तिकीट. फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएनं त्याला वाट करून दिली आणि एअर इंडिया एक्स्प्रेससारख्या कंपन्या ‘लाइट’ नावानं ते विकतात. एका रात्रीच्या कामासाठी जाणाऱ्याला ते उत्तम. मात्र परतीच्या वाटेवर पैठणी, चिवडा आणि पुतण्याची सायकल घेऊन येणाऱ्यानं ते काढू नये. काउंटरवर बॅग जोडायला लागणारी रक्कम दोन भाड्यांतल्या फरकाच्या कितीतरी पट असते.

पंधरा किलोच्या वर गेलं की काउंटरवर किलोमागे पाचशे रुपयांच्या पुढचा दर लागतो. आधी ऑनलाइन घेतलेलं वजन स्वस्त पडतं, पण ते ३, ५, १०, १५ किलो अशा ठरावीक गठ्ठ्यांत मिळतं. दोन किलो जास्त असतील तर तीनाचा गठ्ठा घ्यावा लागतो. मग कधी कधी काउंटरवर दोन किलोचे सुटे पैसे देणं आणि आधी तीनाचा गठ्ठा घेणं यांत फारसा फरक उरत नाही. सहा-सात किलोच्या पुढे मात्र आधी घेतलेलंच बरं. हे गठ्ठे विमान सुटण्याच्या काही तास आधी बंद होतात, मुदत बुकिंगच्या पानावर असते.

दुसरा सापळा वजनाचा नसून नगांचा. बऱ्याच भाड्यांत १५ किलो म्हणजे एकच नग. आठ आणि सहा किलोच्या दोन बॅगा नेल्या, एकूण चौदाच भरले, तरी दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे. आंब्याच्या दिवसांत हे हटकून होतं. सूटकेस दहा किलोची आणि वर हापूसची छोटी पेटी, ‘वजनात तर बसतंय ना’ म्हणून. वजनात बसतं, नगात बसत नाही. पेटी मोठ्या बॅगेत घालून एकच नग करावा, नाहीतर आंबे हातात घ्यावेत. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर डझनाचं वजन ३ किलो, म्हणजे हातातल्या सात किलोंत बसतं, आणि फळांना सुरक्षा तपासणीत हरकत नसते. लोणचं, तूप, पातळ चटण्या मात्र द्रवात मोजल्या जाऊन अडतात, त्या चेक-इनमध्येच. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. कोकणातून निघताना हे कोणी सांगत नाही.

वजन घरी कसं करायचं? टांगायचा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो, पण आधी तो तपासून घ्यावा. एक-एक लिटरच्या दहा भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून टांगा. प्लॅस्टिकसकट दहा किलोंच्या किंचित वर आकडा यायला हवा. साडेनऊ दाखवत असेल तर काउंटरवर अर्ध्या किलोचा झटका बसणार. बॅग तीनदा टांगून मधला आकडा धरावा. बाथरूमचा काटा असेल तर बॅग हातात घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची. बॅग नुसती काट्यावर ठेवली तर ती पट्टीबाहेर टेकते आणि आकडा कमी येतो. कसंही मोजलं तरी अर्धा किलो हातचा राखावा.

वजन कमी करायचं तर आधी बॅगच बघावी. मध्यम आकाराची कडक कवचाची ट्रॉली रिकामीच तीन ते चार किलोंची असते, म्हणजे पंधरातले अकरा-बारा किलोच तुमचे. साध्या कापडी डफेलचं वजन दीड किलोच्या आत येतं. हा दोन-अडीच किलोंचा फरक म्हणजे दर प्रवासाला हजार-बाराशे रुपये. काउंटरवरच्या काट्याबद्दल शंका आली तर बॅग उचलायला सांगून पडद्यावर शून्य येतं का ते पाहावं, बॅगेचा पट्टा शेजारच्या पट्ट्यावर टेकला आहे का ते पाहावं, आणि दुसऱ्या काट्यावर वजन करून मागावं. काटा हा काटाच, त्यावर वैधमापन विभागाची पडताळणीची मोहोर लागते. हे शांतपणे बोललं की बहुधा पुन्हा वजन करून देतात.

एकाच पीएनआरवरच्या माणसांचं वजन बहुतेकदा एकत्र धरतात, त्यामुळे एकाचे अठरा आणि दुसऱ्याचे बारा चालून जातात, फक्त दोघांनी एकदमच काउंटरवर जावं. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर घेत नाहीत. ती मर्यादा सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे, त्यावर घासाघीस होत नाही.

सर्वांत जास्त पोळतात परदेशातून येणारे. अमेरिकेहून मुंबईपर्यंत २३ किलोंच्या दोन बॅगा आणि पुढे नागपूरचं वेगळ्या पीएनआरवर काढलेलं स्वस्त तिकीट. ४६ किलोंतून १५ वजा केले तर ३१ किलो जादा. किलोला ५५० धरले तरी १७,०५० रुपये, म्हणजे तिकिटाच्या कितीतरी पट. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर आंतरराष्ट्रीय मर्यादा सहसा शेवटच्या शहरापर्यंत चालते. ते भाडं थोडं महाग दिसलं तरी हा आकडा शेजारी ठेवून बघावं. तसं जमलं नाही तर एक बॅग मुंबईहून कुरिअरनं किंवा रेल्वे पार्सलनं पाठवणं परवडतं. शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलांनी विद्यार्थी भाडं बघावं. काही कंपन्या त्यात १० किलो जादा देतात, पण काउंटरवर वैध ओळखपत्र दाखवता आलं नाही तर ती सवलत तिथेच संपते.

आता हातातली बॅग. नेहमीचं माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर, चाकं आणि दांडा धरून. दुकानदार ‘केबिन साइझ’ म्हणतो ते बहुधा कवचाचं माप असतं, चाकांशिवाय. बावीस इंची बॅग तर सरळ बाहेर जाते. गेटपाशी लोखंडी चौकट असते, तिच्यात बॅग बसली नाही की जे पैसे लागतात ते सर्वांत चढे. पुढचा कप्पा फुगलेली सॅक याच कारणानं अडकते. कप्प्यातला स्वेटर अंगात घालावा. अंगावरचे कपडे अजून तरी कोणी मोजत नाही.

बॅग मापात आहे, पण वरचे कप्पे भरलेत म्हणून ती खाली टाकायला सांगितली, तर त्याचे पैसे लागत नाहीत. एटीआरसारख्या लहान विमानांत तर हे नेहमीचंच. देण्याआधी औषधं, घराच्या किल्ल्या, लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून घ्यावी. पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही. तिची मर्यादा १०० वॉट-तास. वीस हजार एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले हजार म्हणजे ७४, ती चालते. चेक-इन बॅगेत ती राहिली तर नाव पुकारून बॅग उघडायला बोलावतात, आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं.

खाणं, उशीर आणि परतावा

विमानात पिण्याचं पाणी फुकट आहे. बाटली विकत घ्यायची नसेल तर पेल्यात मागावं, नियमात पाण्याला आकार लावायची मुभा नाही. बाकी सगळ्याला दर आहे. जेवण आधी नोंदवलं तर विमानातल्यापेक्षा स्वस्त पडतं, पण चपाती-भाजीचा डबा न्यायला कोणी अडवत नाही. रिकामी बाटली नेऊन तपासणीनंतर भरून घ्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले, तिथे चहा १० रुपयांत आणि सामोसा २० रुपयांत ठेवला गेला.

स्वस्त तिकीट काढलं म्हणून उशिराच्या वेळचे हक्क कमी होत नाहीत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांच्या वर झाला, की खाणंपिणं कंपनीनं द्यायचं. वेळेवर चेक-इन केलेलं हवं, एवढीच अट. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. अशा वेळी गेटवरचा माणूस ‘आमच्याकडे सूचना नाही’ म्हणतो. त्याला नियमाचं नाव सांगावं: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट, विभाग ३, मालिका एम, भाग ४. नाव ऐकून कूपन लवकर येतात.

आणि ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाला दबू नये. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. यूडीएफ आणि सरकारी कर परत द्यावेच लागतात, तिकीट सवलतीतलं असलं तरी, आणि तुम्ही विमानाला गेलाच नाहीत तरी. पण न गेलेल्यांना ते आपोआप क्वचितच मिळतात. संकेतस्थळावर ‘नो-शो’ किंवा ‘टॅक्स रिफंड’चा अर्ज शोधून पीएनआर भरावा लागतो. कार्डानं पैसे दिले असतील तर परतावा ७ दिवसांत जमा व्हायला हवा. नाही झाला तर आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला ईमेल, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टल किंवा ॲपवर तक्रार, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीत पीएनआर, पैसे भरल्याची पावती, पडद्याचे फोटो आणि नेमकी किती रक्कम कोणत्या नावाखाली परत हवी तेवढंच लिहावं. मनस्तापाचं वर्णन लांबलं की रकमेचा आकडा तिसऱ्या परिच्छेदात जातो आणि उत्तर देणारा तिथवर पोचत नाही.